ज्येष्ठमध सिद्ध आहे म्हणता, मग तपासायला का कचरता? आयुर्वेद संशोधनाच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आयुर्वेदातल्या संशोधनाचा निधी, औषधांचे परवाने आणि प्रबंधांचे विषय ज्यांच्या सहीने ठरतात त्या सर्वांना

विषय : पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाची नियंत्रित चाचणी माणसांवर घेण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात मला पोस्टाने अडीच ओळींचे उत्तर आले. याच चाचणीसाठी 14 महिन्यांपूर्वी पाठवलेल्या प्रस्तावाचे. कुठल्या कार्यालयातून आले ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कार्यालयातून हेच आले असते. ज्येष्ठमधाचा हा उपयोग ग्रंथोक्त आहे, प्राण्यांवरचे संशोधन पुरेसे झाले आहे, सबब प्रस्तावात नावीन्य नाही, असा मजकूर. 'नावीन्य नाही' या शब्दांखाली निळ्या शाईची रेघ.

ते पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. रुग्णाची नाडी बघताना नजर खाली गेली की ती रेघ दिसते. तिचे उत्तर एका कार्यालयाला न देता तुम्हा सगळ्यांना आणि चारचौघांत द्यावे असे ठरवले आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 27 वर्षे आयुर्वेदाचा दवाखाना चालवते. आधी तो वडील चालवायचे. कपाटाच्या खालच्या फळीवर त्यांच्या वेळचा चौकोनी पत्र्याचा डबा आहे, त्यात ज्येष्ठमधाच्या काड्या असतात. काडी मोडली की आत फिकट पिवळी, दोऱ्या-दोऱ्यांची. चघळली तर आधी मातकट लागते, आणि आपण ती विसरलेलो असताना गोडवा जिभेच्या मागच्या बाजूला येऊन बसतो. सप्ताह जवळ आला की गावातले कीर्तनकार बुवा गळ्यासाठी मूठभर नेतात. बाकीचा डबा पोटांना लागतो.

पोटांचा आमच्याकडे हंगाम असतो. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. उचल फेडायची असते, खाडा पडला की दंड, म्हणून कंबर धरली तरी कोयता थांबत नाही. फडाजवळच्या टपरीवर दुखण्याची गोळी सुटी मिळते. ती उपाशीपोटी, नुसत्या चहाबरोबर, दिवसातून दोनदा-तीनदा जाते. पाच महिन्यांनी माणसे गावी येतात तेव्हा पोटाला हात लावू देत नाहीत. अल्सरची, म्हणजे जठरात किंवा आतड्यात पडणाऱ्या व्रणाची, दोन मोठी कारणे आज सगळ्यांना ठाऊक आहेत : हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि या वेदनाशामक गोळ्या. माझ्या ओट्यावर बसलेल्या माणसांत पुष्कळदा दोन्ही असतात, आणि वर तंबाखू.

अशांना वडिलांनी ज्येष्ठमध दिला, मीही दिला. लोकांना बरे वाटले, हे खोटे नाही. पण 'बरे वाटले' आणि 'बरे झाले' यांत किती अंतर असते ते मला दोन रुग्णांनी शिकवले. दोघांची ओळख पटेल असे काही लिहीत नाही.

पहिला दुधाच्या टेम्पोवरचा चालक, वय 34. रात्री दोनच्या सुमारास पोटातल्या दुखण्याने जाग यायची, दोन बिस्किटे खाल्ली की थांबायचे. अन्न जिरताना उठणाऱ्या शूलाला माधवनिदानात परिणामशूल म्हटले आहे. तेच चित्र समोर बसले होते. मी ज्येष्ठमध दिला, शतावरी तुपातून दिली, मिरची आणि मिश्री बंद केली. बाराव्या दिवशी गडी पेढे घेऊन आला. तीन महिन्यांनी त्याचा भाऊ आला, एकटाच. शौचाला डांबरासारखे होत होते आणि उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हिमोग्लोबिन 6. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बीण घातली तेव्हा लहान आतड्याच्या तोंडाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा व्रण निघाला, जिवाणूची चाचणीही होकारार्थी आली. 14 दिवसांची प्रतिजैविके आणि अम्ल कमी करणारी गोळी घेतल्यावर आजतागायत त्याला त्रास नाही. मी जे पेढे खाल्ले होते ते नेमके कशाचे, हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस पडत राहिला. दुखणे गेले होते. व्रण जागेवर होता.

दुसरी एक आजी, सत्तरीच्या पुढची. जळजळ आणि भूक नाही, म्हणून मी 15 दिवसांचे ज्येष्ठमध चूर्ण दिले, दुधातून, एक छोटा चमचा दोन वेळा. आजींना ते मानवले. इतके मानवले की बाजारातून मुलेठीचे, म्हणजे ज्येष्ठमधाचेच, पाकीट आणून त्यांनी ते आठ महिने चालू ठेवले. मला त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. रक्तदाबासाठी आजी 'पाण्याची गोळी', म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, घेत होत्या, तेही मी पहिल्या दिवशी नोंदवले नव्हते. एके सकाळी नातू त्यांना पाठीवर घेऊन आला. "पाय उचलंना झालेत, बाई," एवढेच बोलल्या. पावलांवर सूज, रक्तदाब चढलेला, रक्तातले पोटॅशियम 2.4 पर्यंत घसरलेले. ज्या रुग्णालयात त्यांना पाठवले तिथल्या तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, काढा-बिढा काही घेता का?" तो प्रश्न मी विचारायला हवा होता.

जे घडले त्याचे शास्त्र गूढ नाही. ज्येष्ठमधाचा गोडवा ज्या ग्लिसिऱ्हायझिनमुळे येतो, ते शरीरातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते. मग कॉर्टिसोल हे संप्रेरक भलतेच काम करू लागते : मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम लघवीवाटे घालवते. पाण्याच्या गोळीनेही पोटॅशियम जातेच. दोन्ही एकाच माणसाला दिले की पाय उचलेनासे होतात. युरोपात रोज 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लिसिऱ्हायझिन पोटात जाऊ नये असा सल्ला तिथल्या तज्ज्ञ समितीने फार पूर्वी दिला आहे. आता आजींचा हिशेब मांडा. छोटा चमचा म्हणजे साधारण 3 ग्रॅम, दोन वेळा 6. मुळात 4 टक्के ग्लिसिऱ्हायझिन धरले तरी रोज 240 मिलिग्रॅम. आणि मुळात ते खरोखर किती होते, हे त्या पाकिटावर छापलेले नव्हते.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई ज्येष्ठमधावर उलटल्या. तसे नाही. डबा अजून जागेवर आहे. त्यात काहीतरी आहे असे मला वाटते, आणि तसे वाटायला भरीव कारण आहे. ते कारण परदेशी आहे, याची मात्र लाज वाटते.

1940 च्या दशकात नेदरलँड्समधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की गावातल्या एका औषधविक्रेत्याचे मिश्रण घेऊन अल्सरचे रुग्ण सुधारत आहेत. मिश्रणात ज्येष्ठमधाचा अर्क होता. त्यांनी तो रुग्णांना देऊन पाहिला, गुण आल्याचे नोंदवले, आणि त्याच दमात हेही नोंदवले की साधारण पाचातल्या एकाला चेहऱ्यावर, हातापायांवर सूज येते. म्हणजे आमच्या आजींच्या पायांवरची सूज एका परक्या माणसाने 80 वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. मी पदव्युत्तर शिक्षण घेतले तेव्हा ती मला कोणी शिकवली नाही.

त्यावरून पुढे इंग्लंडमध्ये ज्येष्ठमधातल्याच द्रव्यापासून कार्बेनोक्सोलोन हे औषध तयार झाले. 1962 मध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवणारे डॉल ते हेच. त्यांनी केले काय? रुग्णांचे दोन गट पाडले, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी. अजून दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या, म्हणून बेरियम पाजून क्ष-किरणावर व्रणाचे माप आधी आणि नंतर घेतले. रुग्णाला कसे वाटते यावर न थांबता व्रण किती आकसला ते मोजले. जठरातला व्रण औषधाने भरून येतो असे नीट दाखवता आलेल्या पहिल्या औषधांत कार्बेनोक्सोलोन मोजले जाते. सूज आणि रक्तदाबाचा दोष त्यालाही चिकटलेला होताच. म्हणून ग्लिसिऱ्हायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमध बनवला गेला. सुरुवातीला त्याचे कौतुक झाले. मग 1978 मध्ये 'गट' (Gut) या पोटविकारांवरच्या नियतकालिकात एक नियंत्रित चाचणी आली आणि तिच्यात तो पोकळ गोळीपेक्षा सरस ठरला नाही. तेही छापले गेले. 1976 मध्ये अम्ल कमी करणारे सिमेटिडीन आले, 1980 च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जिवाणूचा गुन्हा शाबीत केला, मार्शलनी तर 1984 मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन दाखवला, आणि ज्येष्ठमधाची ती गोष्ट तिथे मागे पडली.

ग्रंथ काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. चरकांच्या संधानीय गणात, म्हणजे तुटलेले-फाटलेले सांधणाऱ्या द्रव्यांत, पहिलेच नाव मधुकाचे, म्हणजे ज्येष्ठमधाचे, आहे. ज्यांनी तो गण लिहिला त्यांनी निरीक्षण करून लिहिला. आपण तो पाठ करून परीक्षा दिली आणि तेवढ्यावर थांबलो.

आता तक्रारी सांगते. आधी माझी माझ्याविरुद्धची.

माझा एम.डी.चा प्रबंध अम्लपित्तावरच्या यष्टिमधु, म्हणजे ज्येष्ठमध, चूर्णाचा होता. 30 रुग्ण. तुलनेला दुसरा गट नाही. दुर्बीण नाही, जिवाणूची तपासणी नाही. जळजळ, आंबट ढेकर, पोटदुखी यांना 0 ते 3 गुण, आणि ते देणारी मीच. 7 जण दुसऱ्यांदा आलेच नाहीत. मी त्यांच्या जागी नवे 7 घेतले आणि 30 पुरे केले. कोणी विचारले नाही. जे परत आले नाहीत ते बरे झाले म्हणून आले नाहीत, की गुण नाही म्हणून दुसरीकडे गेले, की रक्ताची उलटी होऊन भरती झाले, हे मला आजही माहीत नाही. निकाल अर्थातच उत्तम आला. मार्गदर्शकांनी तो तसा मागितला होता असे नाही. वाईट निकाल लिहायचा कसा, हेच आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हते. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरे, पाच प्रती. एक माझ्याकडे आहे. बाकीच्या चार कुठल्या कपाटात आहेत ते तुम्हाला विचारायला हवे, कारण असे प्रबंध दरवर्षी तुमच्याच शिक्क्याने मंजूर होतात. पोकळ गोळी घेणाऱ्यांतही सुमारे एक-तृतीयांश अल्सर महिनाभरात आपसूक भरून येतात, कधी त्याहून जास्त. तुलनेचा गटच नसेल तर ते सगळे श्रेय औषधाच्या खात्यावर जमा होते. माझ्याही प्रबंधात तेच झाले असणार.

दुसरी तक्रार उंदरांची. 'प्राण्यांवरचे पुरेसे संशोधन' म्हणजे काय ते लोकांना कळावे म्हणून सांगते. भूल दिलेल्या पांढऱ्या उंदराचे पोट उघडून जठराचे खालचे तोंड दोऱ्याने बांधतात. आत साचलेल्या अम्लाने काही तासांत व्रण पडतात. शे नावाच्या संशोधकाने 1945 मध्ये ही पद्धत आणली. नाहीतर उंदराला अल्कोहोल पाजतात, इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक देतात, किंवा गारठ्यात जखडून ठेवतात. मग एका गटाला आधीच अर्क पाजलेला असतो आणि त्यांच्या जठरावर व्रण कमी दिसतात. ज्येष्ठमध, शतावरी, आवळा, कच्च्या केळ्याची भुकटी, सगळे या परीक्षेत पास झाले आहेत. केळ्यावर तर 1960 च्या दशकापासून काम चालू आहे. पहिल्या काही प्रयोगांचे मोल मी मानते. पण या उंदराला आज सकाळी व्रण दिला आणि संध्याकाळी मोजला. माझ्या ऊसतोड कामगाराचा व्रण महिनोन्महिने मुरलेला आहे आणि त्यात जिवाणू घर करून बसला आहे. उंदराला औषध आधी मिळते, माणसाला नंतर. तरी दरवर्षी नवे उंदीर, नवा अर्क, तेच तक्ते. त्याला 'नावीन्य नाही' असे उत्तर जाते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

तिसरी, कायद्याची. 1940 च्या औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ज्या ग्रंथांची नावे आहेत, त्यांतल्या कृतीने आणि त्यांतल्याच उपयोगासाठी केलेल्या औषधाला परवाना घेताना सुरक्षिततेचा अभ्यास किंवा गुण आल्याचा नवा पुरावा द्यावा लागत नाही. 2010 मध्ये आलेला नियम 158-ब तसे सांगतो. दुसरीकडे, 1954 च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्याच्या यादीत पचनमार्गातले व्रण आहेत, त्यामुळे 'अल्सर बरा करतो' अशी जाहिरात करता येत नाही. म्हणजे विकायला पुरावा लागत नाही आणि सांगायला बंदी. मधला मार्ग उत्पादकांनी काढलेला आहे : पाकिटावर 'पचनास हितकर', आणि बाकीचे दुकानदार तोंडी सांगतो. 'रक्तदाब असेल तर घेऊ नये' हे मात्र पाकिटही सांगत नाही आणि दुकानदारही.

चौथी तक्रार मालाची. ज्येष्ठमधाचा बराचसा माल आपल्याकडे अफगाणिस्तान आणि मध्य आशियाकडून येतो, त्यामुळे 'आपली मुळी' या अभिमानालाही थोडी हवा लागू द्यायला हरकत नाही. मंडईत ज्येष्ठमध म्हणून गुंजेची मुळेही खपतात. विड्यात गुंजेचा गोड पाला खाणाऱ्यांना त्यात वावगे वाटणार नाही, पण औषधाच्या मात्रेचा प्रश्न आला की मुळी कोणती आणि तिच्यात ग्लिसिऱ्हायझिन किती, हे कळलेच पाहिजे. साधे चूर्ण विकत घेणाऱ्या माझ्यासारख्या वैद्याला आज ते कळायची सोय नाही.

माझ्याच व्यवसायातले काही जण म्हणतील, आयुर्वेदात औषध प्रकृती बघून देतात, सगळ्यांना एकच चूर्ण देऊन केलेली चाचणी आयुर्वेदाची नव्हेच. मान्य, तर प्रकृतीनुसार गट पाडा आणि मग चिठ्ठ्या टाका. चाचणीच्या शास्त्राला त्याचे वावडे नाही. शिवाय बाजारातले पाकीट कोणाची प्रकृती विचारते? तालुक्यातले माझे ॲलोपॅथीचे मित्र उलट बाजूने म्हणतात, अम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल आहे, प्रतिजैविके आहेत, मुळ्या कशाला उकरायच्या? त्यांना मी दोन गोष्टी सांगते. एक, हेलिकोबॅक्टरवरच्या औषधांना जिवाणू दाद देईनासा होत चालला आहे, मेट्रोनिडॅझोलला तर आपल्या देशात फारच. जोडीला काही मदत मिळाली तर हवीच आहे. 2013 मध्ये भारतातच ज्येष्ठमधाच्या एका प्रमाणित अर्काची या जिवाणूवर चिठ्ठी टाकून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिचा निकाल अनुकूल होता. पण एका अर्कावरच्या एका चाचणीने डब्यातल्या चूर्णाचा निवाडा होत नाही. दोन, लोक ज्येष्ठमध घेतच आहेत. तो निरुपयोगी असला तरी ते कळणे माझ्या रुग्णाच्या फायद्याचे आहे, म्हणजे तो काळी शौच होईपर्यंत माझ्या दारात बसणार नाही.

आणि हे आपल्याला जमणारच नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना देऊन, मोजमापे ठेवून, 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली. ती मुळीही ग्रंथोक्तच होती. तिच्यावर देशात आधी कामही झाले होते. त्यांना 'नावीन्य नाही' असे लिहून कोणी रेघ मारली असती तर? पुढे तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले, जगभर वापरले गेले, त्याचे दोषही जगाला कळले. गुण आणि दोष दोन्ही हाती आले ते मोजल्यामुळे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्येष्ठमधाची एक, एकच, पण धड चाचणी घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा पोटविकार विभाग आणि आयुर्वेद महाविद्यालय यांनी मिळून. प्रत्येक रुग्णाची सुरुवातीला दुर्बिणीने तपासणी आणि हेलिकोबॅक्टरची चाचणी. कोणालाही आजचे मान्य उपचार नाकारू नका. ते सगळ्यांना द्या, आणि वर चिठ्ठी टाकून अर्ध्यांना प्रमाणित ज्येष्ठमध, अर्ध्यांना पोकळ कॅप्सूल. चूर्ण देऊ नका, गोडव्यावरून शेंबडे पोरही ओळखेल. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, आणि ती बघणाऱ्या डॉक्टरला कोणाला काय दिले ते माहीत नसावे. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि पाण्याची गोळी घेणारे यांना घेऊ नका. बाकीच्यांचे पोटॅशियम दर पंधरवड्याला तपासा. संमतिपत्र असे मराठीत लिहा की ऊसतोडीवरच्या बाईला वाचून दाखवले तर ती प्रश्न विचारू शकेल.

चाचणी सुरू होण्याआधी देशाच्या चाचणी-नोंदवहीत तिची नोंद करा, काय मोजणार ते आधीच जाहीर करा, आणि निकाल काहीही आला तरी छापा. जे रुग्ण मधेच सोडून जातील त्यांची संख्या आणि कारण पहिल्या पानावर द्या. माझे 7 मला अजून छळतात.

पदव्युत्तर प्रबंधांसाठी नियम करा की तुलनेच्या गटाशिवाय 'परिणामकारक' हा शब्द वापरता येणार नाही. एकेका विद्यार्थ्याला 30-30 रुग्णांचे सुटे विषय देण्यापेक्षा दहा महाविद्यालयांतल्या दहा जणांना एकाच चाचणीत सामील करा. 300 रुग्ण होतील आणि विद्यार्थ्यांना संशोधन म्हणजे काय तेही दिसेल. जुने प्रबंध, निदान त्यांचे मूळ तक्ते, सगळ्यांना बघता येतील असे खुले करा. माझ्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.

आणि ज्येष्ठमधाच्या पाकिटावर ग्लिसिऱ्हायझिनचे प्रमाण, जास्तीत जास्त किती दिवस घ्यायचा, आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी इशारा, हे मराठीसह स्थानिक भाषेत छापणे सक्तीचे करा. याला चाचणीची वाट बघायची गरज नाही. एवढे मात्र याच वर्षी होऊ शकते.

माझ्या दवाखान्यापुरते मी जमेल ते सुरू केले आहे. केसपेपरवर 'चालू असलेली इतर औषधे' हा रकाना आता लाल शाईत आहे. काळी शौच, वजन घटणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे, यांतले एकही असेल तर मी ज्येष्ठमधाच्या डब्याला हात लावत नाही, आधी दुर्बिणीला पाठवते. गेल्या सहा वर्षांत पोटाच्या तक्रारीने आलेल्या प्रत्येकाची वही माझ्याकडे आहे, न परतलेल्यांसकट. ती कोणालाही बघायला मिळेल. फक्त नावे झाकून.

प्रस्तावाची प्रत या पत्रासोबत पुन्हा जोडली आहे. मजकूर तोच आहे. या वेळी 'नावीन्य' हा रकाना मी कोरा ठेवला आहे.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक वैद्या